चित्रात काहीच नाही, मग दिसतंय काय?

मुलांनो, आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. येवल्यात राहत असाल तर ज्या घरातून मागाचा खट-खट आवाज येतो तिथे जा आणि विणकर काका-काकूंना विचारून एखादी धूपछाव पैठणी बघा. येवल्याबाहेर राहत असाल तर आजीच्या कपाटात दुरंगी झाक मारणारी एखादी रेशमी साडी सापडते का ते बघा. हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच साडीला हात लावायचा. आता ती खिडकीच्या उजेडात धरा आणि हळूच हलवा.

मघाशी जांभळी दिसत होती ना? आता निळी वाटते. थोडी वळवली की लाल झाक मारते. घडीच्या उंचवट्यावर एक रंग आणि घडीच्या खाचेत दुसरा!

खरी गंमत तर पुढेच आहे. त्या जांभळ्या साडीच्या अंगात जांभळा धागा एकसुद्धा नाही. मागावर लांबीत ताणलेले हजारो धागे असतात, तो ताणा. धोट्यातून इकडून तिकडे आडवा धावतो तो बाणा. ताणा निळा लावला आणि बाणा लाल घेतला, की कापड जांभळं दिसतं. धागे इतके बारीक असतात की दोन हातांवरून आपल्या डोळ्यांना ते वेगवेगळे ओळखता येत नाहीत. डोळ्यांत दोन्ही रंगांचा उजेड एकत्र पोचतो आणि मेंदू म्हणतो, जांभळा. विणकराने निळा आणि लाल दिला, जांभळा आपण घरच्या घरी तयार केला.

पण मग साडी हलवली की रंग का बदलतो? रेशमाचा धागा गुळगुळीत असतो. रेशमाचा एक तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल नसतो, कडा झिजलेल्या त्रिकोणासारखा असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड छान उसळतो. शिवाय धाग्यावर पडलेला उजेड सगळीकडे सारखा पसरत नाही. धागा ज्या दिशेला पडला असेल त्यावर तो कुठे जाणार हे ठरतं. ताणा एका दिशेला, बाणा दुसऱ्या दिशेला. त्यामुळे साडी वळवली की कधी ताण्यावरचा उजेड तुमच्या डोळ्यांत शिरतो, कधी बाण्यावरचा. रंग साडीत आहे, उजेडात आहे आणि तुम्ही कुठे उभे आहात त्यातही आहे.

एवढं डोळ्यांत नीट भरून घ्या, कारण आज मी तुम्हाला एका चित्रकाराकडे घेऊन जाणार आहे. त्यांच्या चित्रात झाड नाही, घर नाही, डोंगरामागून उगवणारा सूर्य तर नाहीच नाही. चित्राला नावही नाही. तरीही त्यांच्या चित्रांपुढे मोठमोठी माणसं गप्प उभी राहतात.

त्यांचं नाव वासुदेव संतू गायतोंडे. कलेच्या जगात सगळे त्यांना व्ही. एस. गायतोंडे म्हणतात आणि त्यांचे मित्र त्यांना नुसतं ‘गाय’ म्हणत! घराणं गोव्याचं, जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४चा. बालपणीच ते मुंबईत गिरगावात आले. चाळीतलं साधं घर, पण या मुलाला चित्रांचं वेड. तो सर ज. जी. कला विद्यालयात शिकला आणि १९४८ साली तिथली पदविका घेऊन बाहेर पडला.

तुम्हाला वाटेल, माणसं काढता येत नसतील म्हणून ते नुसते रंग फासत असतील. अजिबात नाही. सुरुवातीला त्यांनी माणसं काढली आणि फार सुरेख काढली. जुन्या पहाडी आणि जैन लघुचित्रांचा त्यांनी मन लावून अभ्यास केला होता. पोथ्यांमधली ती इवलीशी चित्रं, त्यांतले झळझळीत सपाट रंग, ठसठशीत रेषा! स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पॉल क्ले या चित्रकाराची चित्रंही त्यांना फार आवडत. मग हळूहळू त्यांच्या चित्रातल्या माणसांचे नाक-डोळे गेले, मग आकार सैल झाले, मग रेषा विरल्या. १९५०चं दशक संपता संपता चित्रात उरले फक्त रंग. त्यांनी चित्रातून एकेक गोष्ट वजा केली. मला विचाराल तर चित्र काढण्यातलं सगळ्यात धाडसाचं काम हेच आहे. भर घालायला कुणीही घालतं, काढून टाकायला छाती लागते.

त्या काळात मुंबईत मोठी धामधूम होती. १९४७ साली काही तरुण चित्रकारांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला होता. त्यात हुसेन, रझा, सूझा, आरा, बाकरे आणि गाडे होते. गायतोंडे थोडे नंतर त्यांच्याशी जोडले गेले. पुढे वॉर्डन रोडवर समुद्राकाठच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांना काम करायला खोली मिळाली. एकाच आवारात कुणी चित्र काढतंय, कुणी नाटक बसवतंय, कुणी सतार वाजवतंय. खिडकीबाहेर अरबी समुद्र. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्यात गायतोंड्यांना पहिलं बक्षीस मिळालं. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला जाऊन आले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

बक्षिसांची यादी इथेच थांबवू, कारण मला तुम्हाला त्यांच्या चित्राच्या आत न्यायचं आहे.

समजा, आपण त्यांच्या एका मोठ्या चित्रासमोर उभे आहोत. तुमच्या उंचीपेक्षाही उंच असेल. सगळीकडे पिवळसर-केशरी रंग. पण रंग लावलेल्या भिंतीसारखा निर्जीव नाही. कुठे दाट, कुठे पातळ. कुठे आतून काहीतरी वर येतंय असं वाटतं, तर कुठे काहीतरी खोल बुडालंय. मधूनच न वाचता येणाऱ्या लिपीतल्या अक्षरांसारख्या खुणा. आणि सगळ्यात नवल म्हणजे चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. मागे दिवा लावलाय की काय अशी शंका येते. मागे तर नुसती भिंत आहे. मग हा उजेड येतो कुठून?

याचं उत्तर शोधायला पतंगाचा कागद लागेल. येवल्याच्या पोरांना तो कुठे मिळतो ते मी सांगायला नको. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस जे गाव मांजाची आसारी हातात घेऊन गच्चीवर असतं, तिथे पतंगाचा कागद घरोघरी सापडणार. फाटक्या पतंगाचे तुकडे असले तरी चालतील. पिवळा, निळा आणि लाल असे तीन तुकडे घ्या. जोडीला एक पांढरा कोरा कागद आणि एक काळा कागद.

पिवळा तुकडा आधी पांढऱ्या कागदावर ठेवा, मग काळ्यावर. पांढऱ्यावर तो कसा लख्ख दिसतो! काळ्यावर ठेवला की मेल्यासारखा मंद होतो. तुकडा तोच, रंग तोच, खिडकीतला उजेडही तोच. मग फरक कुणी केला? खालच्या कागदाने. पतंगाच्या पातळ कागदातून बराचसा उजेड आरपार खाली जातो. खाली पांढरं असेल तर तो तिथून उसळून परत वर येतो आणि येताना पुन्हा पिवळ्यातून गाळून निघतो. म्हणजे तोच उजेड त्या रंगातून दोनदा गेला, एकदा जाताना आणि एकदा येताना. काळा कागद मात्र जवळजवळ सगळा उजेड गिळून टाकतो, परत काहीच पाठवत नाही.

आता पिवळ्यावर निळा ठेवा आणि खिडकीकडे धरा. हिरवा झाला! लालावर लालच ठेवा, रंग बदलला नाही, पण गडद झाला, जड झाला. प्रत्येक थर उजेडातला आपला वाटा खातो आणि उरलेला पुढे सोडतो.

गायतोंड्यांच्या चित्रातल्या उजेडाचं मर्म यातच आहे. चित्राच्या कापडाला, म्हणजे कॅन्व्हासला, आधी पांढरा लेप देतात. गायतोंडे त्यावर तैलरंगाचे पातळ-पातळ थर एकावर एक चढवत. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी इतके विरळ की खालचं सगळं दिसावं. तुम्ही चित्र बघता तेव्हा खोलीतला उजेड त्या थरांमधून खाली उतरतो, तळाशी पोचतो आणि रंगांत न्हाऊन परत येतो. तुमच्या डोळ्यांत शिरणारा उजेड खरोखरच चित्राच्या आत जाऊन आलेला असतो. आतून उजळलंय असं वाटतं, तो नुसता भास नव्हे.

पण थांबा, रंग पातळ लावला की तो आरपार का दिसतो? याचा पुरावा तुम्ही कितीदा तरी खाल्ला आहे. गरम भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणली की कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तेवढ्या भागातून पलीकडची अक्षरं दिसू लागतात. कागद म्हणजे बारीक तंतूंची जाळी. त्या जाळीच्या भोकांत हवा असते. तंतूतून हवेत, हवेतून तंतूत जाताना उजेड दर वेळी वाट बदलतो आणि इकडेतिकडे विखुरतो, म्हणून कागदापलीकडचं दिसत नाही. तेल आलं की ते हवेला हुसकावून त्या भोकांत बसतं. तेलात आणि कागदाच्या तंतूत उजेडाचा वेग जवळपास सारखा असतो, म्हणून वाट बदलायचं कारणच राहत नाही. उजेड सरळ पलीकडे जातो. तैलरंगात रंगाचे बारीक कण असेच तेलात बसलेले असतात. म्हणून कित्येक रंग पाण्यात कालवले की खडूसारखे दिसतात आणि तेलात कालवले की काचेसारखे खोल.

हे तेल कुठलं माहीत आहे? जवसाचं! हो, ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खाता तेच. कढईतलं शेंगदाण्याचं तेल महिनाभर ठेवलं तरी तेलच राहतं. जवसाचं तेल मात्र पातळ पसरून ठेवलं तर काही दिवसांत घट्ट, चिवट पापुद्रा बनतं. ते वाळतं असं आपण म्हणतो, पण ओली चड्डी दोरीवर वाळते तसं ते वाळत नाही. त्यातून पाणी उडून जात नाही, कारण त्यात पाणी नसतंच. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. त्याचे रेणू ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांचे हात धरतात, साखळ्या बनतात, साखळ्यांचं जाळं बनतं आणि रंगाचे कण त्या जाळ्यात कायमचे अडकतात. ऑक्सिजन घेतल्यामुळे वाळू लागलेल्या रंगाचं वजन सुरुवातीला चक्क वाढतं. ओल्या चड्डीचं कधी वाढलंय का?

या सगळ्याला वेळ लागतो. एक थर वाळायला कित्येक दिवस जातात. घाईने पुढचा थर चढवला तर खालचा चिखल होतो. गायतोंडे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा मोठी चित्रं काढत. रंग वाळायची वाट बघणं हे एक कारण झालं, पण त्यापेक्षा मोठं कारण वेगळं होतं. ते हात चालवण्यापेक्षा बसून राहण्यात जास्त वेळ घालवत. कोऱ्या कॅन्व्हाससमोर बसायचं, विचार करायचा, संगीत ऐकायचं. आपली हिंदुस्तानी गाणी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत, दोन्ही त्यांना प्रिय होतं. झेन पंथाचे विचार ते वाचत, रमण महर्षींचं लिखाण वाचत, मुंबईत निसर्गदत्त महाराजांचं बोलणं ऐकायला जात. आणि आतून हुकूम आला की मगच रंगाला हात घालत.

हात घालत म्हणजे कुंचला घेत असं समजू नका! मोठ्या चित्रांसाठी त्यांची आवडती हत्यारं दोन. रंग पसरायची लवचीक सुरी आणि रोलर. भिंती रंगवणारे लोक वापरतात तो रोलर आठवतोय? तसाच. कुंचल्याने रंग लावला की केसांचे ओरखडे उमटतात आणि हात कुठून कुठे गेला ते दिसतं. रोलरने तसं होत नाही. रंग सपाट पसरतो आणि चित्रकाराचा हात दिसेनासा होतो. कधी कधी ते कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवत, वरून रोलर फिरवत आणि कागद उचलून घेत. कागदाबरोबर थोडा रंग वर येई, थोडा खाली राही. म्हणून त्या गूढ अक्षरांसारख्या खुणा!

यातही एक विज्ञान दडलंय आणि ते तुम्ही दहा मिनिटांत घरी बघू शकता. जुन्या फरशीवर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर घट्टसर पोस्टर रंगाचा एक थेंब ठेवा. त्यावर दुसरं सपाट झाकण दाबा. आता झाकण सरळ वर उचला, घसरवू नका. रंगात काय उमटलं? फांद्या! मोठ्या फांदीला छोटी, छोटीला आणखी छोटी. नदीच्या नकाशावर दिसतात तशा. कुणी काढल्या या?

हवेने. झाकण उचलताना मधल्या फटीत जागा होते आणि बाहेरची हवा आत घुसते. हवा पातळ, रंग घट्ट. हवेची कड आत सरकताना कुठेतरी जरा पुढे गेली की त्या टोकासमोर ढकलायला रंग कमी उरतो, म्हणून ते टोक आणखी जोरात पुढे पळतं. शेजारचं मागे पडतं. अशी बोटं फुटतात आणि बोटांना पुन्हा बोटं. सॅफमन आणि टेलर या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५८ साली याचं गणित मांडलं. जमिनीखालचं खनिज तेल पाण्याने ढकलून बाहेर काढताना हीच पंचाईत येते: पाणी सरळ न ढकलता तेलात बोटं घालत पुढे निसटतं. म्हणजे तिकडे ते दोघे हे कोडं सोडवत होते, साधारण त्याच वर्षांत इकडे मुंबईत गायतोंडे सुरी आणि रोलर घेऊन रंगाला कसा दाबला तर तो काय करतो हे शोधत होते.

अशा खुणा पूर्णपणे आपल्या हातात नसतात. किती दाबायचं, कधी उचलायचं एवढं आपण ठरवतो, बाकीचं रंग ठरवतो. गायतोंडे रंगाला त्याचं म्हणणं मांडू देत. मग त्यातलं काय ठेवायचं आणि कशावर पुढचा थर चढवायचा, हे ते ठरवत. पैठणीच्या विणकराच्या डोक्यात मोराचं शेवटचं पीससुद्धा आधीपासून पक्कं असतं. इथे नेमकं उलटं होतं आणि दोन्हीला तेवढाच धीर लागतो.

आता जरा युरोपात चक्कर मारून येऊ. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. शहरं उद्ध्वस्त झाली होती, माणसं थकली होती. तिथल्या कित्येक तरुण चित्रकारांना वाटलं, जुन्या पद्धतीची देखणी चित्रं आता आपल्याच्याने होणार नाहीत. त्यांनीही चित्रातून माणसं, घरं, झाडं काढून टाकली. त्यांतले एक फ्रान्सचे पियेर सुलाज. जन्म २४ डिसेंबर १९१९, रोदेझ नावाच्या गावचा. लहानपणी ते पांढऱ्या कागदावर काळ्या शाईचे जाड पट्टे ओढत बसले होते. काय काढतोस, असं विचारल्यावर म्हणाले, बर्फ! घरातले हसले. पण विचार करा, काळ्याशेजारी ठेवला की कागदाचा पांढरा रंग जास्तच पांढरा दिसतो की नाही?

युद्धानंतर सुलाजनी सुतार लाकूड रंगवायला वापरतात तो अक्रोडाच्या सालीचा रंग आणि घरं रंगवायचे रुंद ब्रश उचलले. १९७९पासून त्यांनी जे काम केलं ते तर अचाट आहे. संपूर्ण चित्र काळं! जाड काळ्या रंगात ते सरळ, आडवे, तिरपे चर ओढत. चरांच्या कडांवरून उजेड उसळतो. तुम्ही चित्रासमोरून चालत गेलात की मघाशी काळा असलेला पट्टा चांदीसारखा चमकतो आणि चमकणारा पट्टा काळा पडतो. ओळखीचं वाटतंय ना? ताणा आणि बाणा जे करतात तेच हे चर करतात. येवल्याच्या मागावर आणि फ्रान्सच्या चित्रशाळेत उजेडाचा नियम एकच.

म्हणजे उजेडाच्या दोन वाटा झाल्या बघा. सुलाजच्या काळ्यावर तो वरच्या वर उसळतो. गायतोंड्यांच्या रंगात तो आत बुडी मारतो आणि परत येतो. सुलाजच्या चित्रासमोर तुम्ही चाललं पाहिजे. गायतोंड्यांच्या चित्रासमोर तुम्ही थांबलं पाहिजे.

का थांबायचं, यालाही शास्त्र आहे. पांढऱ्या कागदावर गुलाबी खडूची पूड बोटाने हलकी चोळा, रुपयाच्या नाण्याएवढा फिका डाग करा. कडा अगदी विरून गेल्या पाहिजेत. त्याच्या बाजूला वीतभर अंतरावर पेनाने एक ठिपका द्या. आता त्या ठिपक्याकडे टक लावून बघा. डोळे हलवायचे नाहीत. थोड्या वेळात डोळ्याच्या कोपऱ्यातला गुलाबी डाग नाहीसा होतो! पापणी मिटून उघडली की परत येतो. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरांनी १८०४ साली असे लुप्त होणारे डाग नोंदवून ठेवले. आपल्या डोळ्यांना आणि मेंदूला बदलाची आवड. जे बदलत नाही त्याकडे ते दुर्लक्ष करू लागतात. एरवी आपली बुबुळं सतत अगदी बारीक थरथरत असतात, त्यामुळे ठसठशीत कडा दिसत राहतात. विरलेल्या कडेला मात्र ती थरथर पुरत नाही.

म्हणून गायतोंड्यांच्या चित्रासमोर स्थिर उभं राहिलं की मऊ कडांचे आकार बुडतात, नजर जरा हलली की वर येतात. पहिल्या दहा सेकंदांत जे दिसतं ते दोन मिनिटांनी राहत नाही. चित्र तेच असतं, तुमचे डोळे कामाला लागलेले असतात. ‘यात काय आहे’ म्हणून लगेच पुढे सरकणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९७२च्या सुमारास गायतोंडे दिल्लीला निजामुद्दीन भागात राहायला गेले. लहानसं घर, मोजकं सामान, लग्न केलं नाही, समारंभांना जाणं नाही. १९८४ साली एका अपघातात ते जबर जखमी झाले. उंच कॅन्व्हाससमोर उभं राहून काम करणं काही वर्षं जमेना. मग त्यांनी छोट्या कागदांवर शाईने चित्रं काढली. पुढे पुन्हा मोठी चित्रंही केली. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले.

२०१४ साली फ्रान्समध्ये रोदेझला सुलाजचं संग्रहालय उघडलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध गुगनहाइम संग्रहालयाने गायतोंड्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. सुलाज तोवर चौऱ्याण्णव वर्षांचे होते आणि अजून चित्रं काढत होते! २०२२ साली, एकशे दोन वर्षांचे होऊन, ते गेले. गायतोंड्यांचं १९७९चं एक चित्र २०१३च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना विकलं गेलं. तेव्हा एवढी किंमत कुठल्याच भारतीय चित्राला आली नव्हती. ते पाहायला गायतोंडे नव्हते, आणि असते तरी त्यांनी त्याकडे फार लक्ष दिलं असतं असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा मला दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे शास्त्रज्ञ अणूंचा आणि ताऱ्यांचा अभ्यास करतात. ती संस्था उभी करणारे डॉ. होमी भाभा स्वतः चित्रं काढत आणि त्यांनी संस्थेसाठी त्या काळच्या तरुण भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घेतली. त्यांत गायतोंडेही आहेत. उजेड म्हणजे काय याचं गणित मांडणारी माणसं आणि उजेडालाच कॅन्व्हासवर थांबवून ठेवणारा माणूस, दोघांचंही काम एकाच छपराखाली आहे.

आता तुमचं काम. सुट्टीत मुंबईला जाल तेव्हा मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह ठेवलेला आहे, त्यात गायतोंड्यांची चित्रं आहेत. दालनातली मांडणी बदलत असते, म्हणून आत गेल्यावर तिथल्या ताईंना किंवा दादांना विचारून घ्या. चित्र सापडलं की बाजूची पाटी आधी वाचू नका. आधी लांबून बघा, मग जवळून, मग डाव्या आणि उजव्या बाजूने तिरपं बघा. हात मात्र लावायचा नाही. मग समोर उभे राहा, पूर्ण पाच मिनिटं, आणि बरोबरच्या मोठ्या माणसांनाही थांबवा. काय दिसलं ते घरी आल्यावर वहीत लिहून काढा आणि आम्हाला पत्राने कळवा. दोघांना वेगवेगळं दिसलं असेल तर दोघांनीही लिहा.